सेल भरलेले असूनही फ्लॅश मागे का पडतो?

लग्नाच्या कामात फ्लॅश दगा देतो तो नेमका अंतरपाट दूर होताना. मंगलाष्टके चालू असताना पन्नास-साठ फोटो निघून गेलेले असतात, फ्लॅशच्या पाठीवरचा, फ्लॅश भरल्याची खूण देणारा रेडी लाईट दर फोटोनंतर आधीपेक्षा थोडा उशिरा लागत असतो, पण गर्दीत आणि गोंगाटात ते ध्यानात येत नाही. आणि शेवटचे ‘सावधान’ होऊन अक्षता उडतात, वाजंत्री सुरू होते, तेव्हा कॅमेऱ्याचे शटर उघडते पण फ्लॅश पडतच नाही. घरी आल्यावर तेच चार पेन्सिल सेल चार्जरला लावले की तासाभरात हिरवा दिवा लागतो, त्यामुळे सेल उत्तम आहेत अशी समजूत होते आणि पुढच्या मुहूर्ताला तोच प्रकार पुन्हा घडतो. ही तक्रार मी स्वतः दोन लग्नसराया सोसली, मध्यंतरी नवा फ्लॅश घेण्याचाही विचार करून झाला, आणि अखेरीस दोष चारांपैकी एकाच सेलमध्ये निघाला. तो शोधावा कसा, आणि पुढचे सेल घेताना काय पाहावे, हे येथे मांडत आहे.

प्रथम दोष सेलचाच आहे याची खात्री करून घ्यावी, कारण फ्लॅश मागे पडण्याची इतरही कारणे असतात. फ्लॅश कित्येक महिने कपाटात पडून असेल, तर त्यातला मुख्य कपॅसिटर, म्हणजे झोतासाठी वीज साठवणारा भाग, सुस्तावतो आणि सुरुवातीचे काही झोत फार सावकाश भरतात. सेल बदलूनही फरक पडत नाही, पण दहा-पंधरा झोत मारल्यावर गाडी आपोआप रुळावर येते. दुसरे कारण उष्णतेचे. पूर्ण ताकदीवर लागोपाठ वीस-तीस झोत मारले की फ्लॅशचे डोके तापते आणि आतले संरक्षक मंडळ फ्लॅश थांबवते किंवा त्याचा वेग कमी करते. निकॉनचा २००८ चा एसबी-९०० हा फ्लॅश तापल्यावर सरळ बंद होत असे, तर २०११ मध्ये आलेला एसबी-९१० बंद न होता पुन्हा भरण्याची गती कमी करतो. दुसऱ्या प्रकारातला फ्लॅश असला की माणूस हमखास सेलला दोष देतो. दहा मिनिटे विश्रांती देऊन, तेच सेल ठेवून वेग पूर्ववत झाला, तर ते उष्णतेचे काम समजावे. तिसरे कारण ट्रिगरचे, म्हणजे फ्लॅश भरलेला आहे पण त्याला इशाराच पोहोचत नाही. अशा वेळी रेडी लाईट लागलेला असतो आणि फ्लॅशवरचे टेस्टचे बटण दाबले की झोत व्यवस्थित पडतो.

ही तिन्ही कारणे बाजूला पडली की मग सेलकडे वळावे. फ्लॅश सेलकडून काय मागतो हे एकदा समजले, की निम्मे कोडे तेथेच सुटते. फ्लॅशमधला कपॅसिटर साधारण ३०० ते ३३० व्होल्टपर्यंत भरावा लागतो आणि हे काम चार सेलच्या पाच-सहा व्होल्टमधून करायचे असते. झोत पडून कपॅसिटर रिकामा झाला की त्या क्षणी सेलमधून कित्येक अँपिअरचा प्रवाह ओढला जातो. भिंतीवरच्या घड्याळाला किंवा टीव्हीच्या रिमोटला याच्या तुलनेत अगदी किरकोळ प्रवाह लागतो, म्हणून ‘रिमोटमध्ये चालतो तो सेल चांगला’ ही परीक्षा फ्लॅशच्या बाबतीत काहीही सांगत नाही.

एक छोटा हिशेब करून पाहू. साध्या अल्कलाइन सेलवर १.५ व्होल्ट लिहिलेले असते, पण त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला सेलच्या आतच होणारा अडथळा, नवेपणीही ०.१५ ते ०.३ ओहमच्या घरात असतो. त्यातून ४ अँपिअर ओढले आणि रोध ०.२ ओहम धरला, तर ०.८ व्होल्ट सेलच्या पोटातच खर्ची पडतात आणि फ्लॅशच्या हाती ०.७ व्होल्ट येतात. निकेल-मेटल हायड्राइड या प्रकारच्या रिचार्जेबल सेलवर १.२ व्होल्टच लिहिलेले असते, मात्र त्याचा रोध ०.०३ ओहमच्या आसपास असल्यामुळे तेवढाच प्रवाह देताना त्याचे फक्त ०.१२ व्होल्ट जातात आणि १.१ व्होल्टच्या जवळपास शिल्लक राहतात. कागदावर कमी व्होल्टचा असलेला सेल फ्लॅशमध्ये जास्त व्होल्ट देतो तो असा. वर उल्लेखिलेल्या एसबी-९१० साठी निकॉनने दिलेले आकडेही हेच बोलतात: पूर्ण ताकदीच्या झोतानंतर अल्कलाइनवर ४ सेकंद, रिचार्जेबलवर २.३ सेकंद. हे आकडे अर्थातच ताज्या सेलचे आहेत.

आता मूळ दुखण्याकडे येतो. फ्लॅशमधले चार सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, त्यामुळे चौघांतून एकच प्रवाह वाहतो आणि तो सर्वांत दुबळ्या सेलमधूनही जावाच लागतो. तीन सेल तगडे आणि एक थकलेला असला, तर तो एक आधी रिकामा होतो. उरलेले तिघे त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलत राहतात आणि शेवटी त्याची ध्रुवताच उलटी करून टाकतात, म्हणजे तो सेल व्होल्ट देण्याऐवजी खाऊ लागतो. असे दोन-तीनदा झाले की तो सेल कायमचा खालावतो. चार्जरवर तो सर्वांच्या आधी ‘भरतो’, कारण त्यात भरायला जागाच उरलेली नसते. लवकर लागणारा हिरवा दिवा ही सेलच्या प्रकृतीची खूण नसून बहुधा आजाराची खूण असते, हे मला फार उशिरा उमगले.

दुबळा सेल हुडकण्यासाठी पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो तसला व्होल्ट मोजणारा साधा मल्टिमीटर पुरतो. फक्त एक चूक टाळावी. चार्जरमधून काढल्याबरोबर मोजलेले व्होल्ट पाहून कोणताही निष्कर्ष काढू नये, कारण त्या वेळी चांगला सेल १.४ दाखवतो आणि मरायला टेकलेला सेलही १.४ दाखवतो. माझी पद्धत अशी आहे. चारही सेलवर मार्करने १ ते ४ आकडे घालायचे, ते पूर्ण चार्ज करायचे, फ्लॅश मॅन्युअलवर पूर्ण ताकदीला ठेवायचा आणि टेस्टच्या बटणाने रेडी लाईट लागेल तसे झोत मारत जायचे. दर दहा झोतांनंतर काही मिनिटे डोके थंड होऊ द्यायचे, नाहीतर उष्णतेचा घोळ मध्ये येतो. प्रत्येक खेपेला रेडी लाईटपर्यंतचे सेकंद घड्याळावर मोजून कागदावर लिहायचे. साधारण चाळीस झोत झाले की सेल लगेच बाहेर काढून एकेकाचे व्होल्ट मोजायचे. माझ्या त्या कुप्रसिद्ध संचात पहिला, दुसरा आणि चौथा सेल १.२५ च्या आसपास होते आणि तिसरा १.०८ वर बसला होता; शिवाय हातात घेतल्यावर तो इतर तिघांपेक्षा स्पष्टपणे गरम लागत होता, कारण ज्याचा अंतर्गत रोध जास्त त्याच्या पोटात उष्णताही जास्त निर्माण होते. तिसऱ्याच्या जागी खात्रीचा एक सेल घालून तीच चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा तिसाव्या झोताला जे नऊ सेकंद लागत होते ते साडेतीनवर आले.

काही जण मल्टिमीटर १० अँपिअरच्या खुणेवर ठेवून त्याच्या सुया थेट सेलच्या दोन टोकांना लावतात आणि ‘किती अँपिअर मारतो’ ते पाहतात. हा उद्योग करू नये. चांगला रिचार्जेबल सेल क्षणभर १० अँपिअरपेक्षा बराच जास्त प्रवाह देऊ शकतो आणि मीटरचा फ्यूज उडतो. सेललाही ते मानवत नाही.

दुबळा सेल सापडला की लगेच फेकून देण्याची घाई नको. सेल नुसता महिनोन्‌महिने पडून राहिल्यामुळे मंदावला असेल, तर पूर्ण चार्ज आणि पूर्ण डिस्चार्ज अशी दोन-तीन आवर्तने दिल्यावर तो बऱ्यापैकी सावरतो, आणि यासाठी चार्जरमध्ये रिफ्रेशची सोय असली तर ती वापरावी. आवर्तनांनंतरही तो मागेच राहिला, तर त्याला फ्लॅशच्या संचातून कायमचा काढावा. मात्र ‘सेल पूर्ण रिकामा केल्याशिवाय चार्ज करू नये’ ही जुन्या फोटोग्राफरांची शिकवण या सेलना दरवेळी लावू नये. ती निकेल-कॅडमियमच्या काळातली आहे. आजच्या सेलला १ व्होल्टच्या फार खाली नेणे हेच उलट अपायकारक ठरते.

चार सेलपैकी एकच का बिघडतो, याचे उत्तर बहुतेक वेळा चार्जरमध्ये असते. सेलबरोबर फुकट मिळणारे बरेच चार्जर दोन-दोन सेलच्या जोड्या करून भरतात आणि जोडीला एकच दिवा असतो. जोडीतला एक सेल थोडा भरलेला आणि दुसरा रिकामा असला, तर एक उतू जातो आणि दुसरा अर्धवट राहतो. दरवेळी जोड्या बदलत गेल्या की हळूहळू सगळ्या संचाची घडी विस्कटते. याहून स्वस्त चार्जर तर ठरावीक तास मोजून थांबतात, मग सेल रिकामा असो वा अर्धा भरलेला. म्हणून प्रत्येक सेलला स्वतंत्र खाना, स्वतंत्र दिवा आणि सेल भरल्यावर व्होल्टमध्ये होणारी किंचित घसरण ओळखून आपोआप थांबण्याची व्यवस्था, या गोष्टी असलेलाच चार्जर घ्यावा. ही घसरण एका सेलमागे काही मिलिव्होल्टचीच असते आणि फार कमी प्रवाहाने भरताना ती चार्जरला दिसतही नाही. २००० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची साठवणक्षमता) सेलसाठी ५०० ते १००० मिलिअँपिअर हा प्रवाह मला सोयीचा वाटतो: दोन ते साडेचार तासांत काम होते आणि सेल फार तापत नाहीत. पंधरा मिनिटांत सेल भरून देणाऱ्या चार्जरच्या मोहात पडू नये. माझे स्पष्ट मत असे आहे की एकूण रकमेतला मोठा वाटा चार्जरवर खर्च करावा आणि सेल मध्यम घ्यावेत. आपण नेमके याच्या उलट करतो.

सेल निवडताना पहिली नजर एमएएचच्या आकड्यावर जाते आणि फसगतही तेथेच होते. या आकाराच्या निकेल-मेटल हायड्राइड सेलमध्ये प्रत्यक्षात २७००-२८०० एमएएचच्या पुढे फारसे काही मावत नाही, त्यामुळे ३५०० किंवा ४००० लिहिलेला सेल दिसला की पुढे चालू लागावे. वजन ही आणखी एक सोपी कसोटी आहे: २००० एमएएचचा खरा सेल सुमारे २६-२७ ग्रॅम भरतो आणि २५०० चा ३० ग्रॅमच्या आसपास. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा किंवा ओळखीच्या सोनाराचा काटा यासाठी चालतो. मोठा आकडा मिरवणारा सेल १८ ग्रॅम भरला, तर आत माल नाही हे उघड आहे.

आकड्याहूनही महत्त्वाचा गुण म्हणजे सेल नुसता ठेवलेला असताना किती टिकतो. जुन्या पद्धतीचे रिचार्जेबल सेल पहिल्या महिन्यातच पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक चार्ज गमावत, आणि चौघे सारख्या वेगाने गमावत नसत, त्यामुळे रविवारी भरलेला संच पुढच्या शनिवारी विस्कळीत निघे. २००५ मध्ये सान्योने एनेलूप हे सेल आणले तेव्हा ही अडचण मोठ्या प्रमाणात दूर झाली. सान्यो पुढे पॅनासोनिककडे गेली आणि आज ते नाव पॅनासोनिकबरोबर येते. अशा संथ गळतीच्या सेलवर ‘रेडी टू यूज’ किंवा ‘प्री-चार्ज्ड’ असे छापलेले असते, आणि इतर कंपन्याही आता तसे सेल देतात. फ्लॅशसाठी याच प्रकारातले घ्यावेत.

त्यातही दोन वाण आहेत. पांढऱ्या एनेलूपची क्षमता किमान १९०० एमएएच आणि कंपनीच्या चाचणीनुसार आयुष्य २१०० आवर्तनांचे. काळ्या एनेलूप प्रोची क्षमता किमान २५०० एमएएच, पण आयुष्य ५०० आवर्तनांचे. एका संचावर जास्त झोत हवे असतील, म्हणजे मिरवणुकीत किंवा वरातीत जेथे सेल बदलायला उसंत मिळत नाही, तेथे प्रो उपयोगी पडतो. रोजच्या कामासाठी मात्र मी पांढरेच ठेवतो. मोठ्या क्षमतेच्या सेलमध्ये तेवढ्याच नळकांड्यात जास्त द्रव्य कोंबलेले असते, ते लवकर थकतात, आणि काही कंपन्यांचे असे सेल किंचित जाड असल्यामुळे तापल्यावर फ्लॅशच्या खान्यात अडकून बसतात. एक प्रोचा संच घेण्यापेक्षा पांढऱ्याचे दोन संच जवळ असणे मला अधिक खात्रीचे वाटते.

काही सेल आकाराने फ्लॅशमध्ये बसतात, पण घालू नयेत. १४५०० या नावाचा लिथियम-आयन सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल असतो, परंतु तो ३.७ व्होल्टचा आहे. असे चार घातले तर सहा व्होल्टच्या फ्लॅशवर पंधराच्या जवळ व्होल्ट येतात आणि फ्लॅश जळतो. निकेल-झिंकचे १.६ व्होल्टचे सेल सुरुवातीला फ्लॅश झपाट्याने भरतात म्हणून भुरळ घालतात, पण फ्लॅशच्या आतल्या मंडळावर आणि झोत पाडणाऱ्या नळीवर त्याचा ताण पडतो. चार्जिंगसाठी यूएसबीचे भोक असलेले १.५ व्होल्टचे लिथियम सेल सध्या ऑनलाइन सर्वत्र दिसतात. त्यांच्या आत व्होल्ट उतरवणारे छोटे मंडळ असते आणि ते मंडळ फ्लॅशला हवा तितका प्रवाह एकदम सोडू शकत नाही. शिवाय शेवटपर्यंत व्होल्ट तेवढेच दाखवून ते अचानक बंद पडतात, म्हणजे रेडी लाईट हळूहळू मागे पडण्याची पूर्वसूचनाही मिळत नाही. एकदाच वापरायचे लिथियम सेल काही फ्लॅशच्या माहितीपुस्तिकेत तापण्याच्या कारणाने निषिद्ध ठरवलेले आहेत, तेव्हा आपल्या पुस्तिकेतले ते पान वाचून घ्यावे. आणि अडीनडीला गावातल्या किराणा दुकानातून अल्कलाइन सेल आणावे लागले, तर चारही अल्कलाइन घालावेत. दोन हे आणि दोन ते अशी खिचडी करू नये.

नवा फ्लॅशच घ्यायचा असेल, तर लिथियमचा स्वतंत्र पॅक असलेला घेण्यात अर्थ आहे. गोडॉक्सच्या व्ही८६०-टू साठी कंपनी पूर्ण ताकदीचे ६५० झोत आणि दीड सेकंदांत पुन्हा भरणे असा हिशेब देते, आणि तेथे चार सेल जुळवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अडचण एवढीच की पॅक संपला किंवा बिघडला, तर तो आडगावात मिळत नाही.

आपल्याकडच्या हवेचाही यात हात असतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना गाडीच्या डिकीत ठेवलेले सेल स्वतःहून अधिक वेगाने गळतात, आणि ४० अंशांच्या वर चार्ज केले तर ते पुरते भरतही नाहीत. अकोल्याच्या एका लग्नात पत्र्याच्या मंडपाखाली चार्जर लावून ठेवला होता. रात्री जानवसघरात पंख्याखाली भरलेला संच दुसऱ्या दिवशी जेवढा चालला, त्याच्या निम्माही हा चालला नाही. कोकणात याउलट दमटपणा छळतो. फ्लॅशच्या सेलच्या खान्यात आणि सेलच्या टोकांवर न दिसणारा पापुद्रा धरतो, आणि वरच्या हिशेबाने पाहिले तर ०.१ ओहमचा एखादा कळकट संपर्क ४ अँपिअरला ०.४ व्होल्ट गिळतो. पावसाळ्यात दर महिन्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने ही टोके पुसावीत. अल्कलाइन सेल गळून पांढरी भुकटी जमली असेल, तर आधी व्हिनेगरच्या किंवा लिंबाच्या रसाच्या एका थेंबाने ती विरघळवावी आणि मग अल्कोहोलने पुसावे. फ्लॅश उघडून आतली साफसफाई मात्र स्वतः करू नये, कारण बंद फ्लॅशच्या कपॅसिटरमध्येही जीवघेणा विद्युतदाब साठलेला असू शकतो.

सेलवरचा भार हलका करणेही आपल्या हातात असते. कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ४०० वरून ८०० केला की तेवढ्याच उजेडासाठी फ्लॅशला निम्मी ऊर्जा पुरते, रेडी लाईट जवळपास निम्म्या वेळात लागतो आणि एका संचावर जवळजवळ दुप्पट झोत मिळतात. रेडी लाईट अनेक फ्लॅशमध्ये कपॅसिटर पूर्ण भरण्याच्या आधीच लागतो, हेही लक्षात ठेवावे. दिवा लागताक्षणी मारलेला पूर्ण ताकदीचा झोत जरा कमी पडतो, आणि फोटो काळपट आला की आपण उगाच मीटरिंगला, म्हणजे कॅमेऱ्याच्या उजेड मोजण्याला, बोल लावतो.

राहता राहिली शिस्त. चार सेल एकाच दिवशी, एकाच पाकिटातून घ्यावेत, त्यांवर ‘क’, ‘ख’, ‘ग’ अशी संचाची खूण आणि खरेदीचा महिना लिहावा, आणि ते चौघे एकत्रच वापरावेत, एकत्रच भरावेत. एक गेला तर त्याच्या जागी कोरा सेल न घालता उरलेले तिघे घड्याळ, रिमोट आणि माऊसला द्यावेत. बाद झालेला सेल कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा. कामाच्या दिवशी प्लॅस्टिकच्या डबीत भरलेले सेल टोपीचे टोक वर करून ठेवायचे आणि वापरलेले सपाट बूड वर करून. हॉलमधले दिवे मालवून वधूवरांवर एकच झोत सोडलेला असतो, तेव्हा डबीवर अंगठा फिरवला की न पाहता कळते, कोणता संच उचलायचा ते.